ईम

केतकीच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला सुदामराव मागे बसले होते. सासवडला त्यांचं शिलाईचं दुकान. बहीण गेल्यावर सहा वर्षांच्या भाचीला त्यांनीच वाढवलं. विषय जुन्या इंग्रजी शब्दांचा आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

परीक्षक बाईंनी तासभर इंग्रजीत प्रश्न विचारले. केतकी एकदा अडखळली, तेव्हा सुदामराव खुर्चीत पुढे सरकले. मग बाईंनी मराठीत विचारलं, "इतके मेलेले शब्द पडलेत, त्यात या 'ईम'वर अख्खं प्रकरण कशासाठी?"

"हजार वर्षांपूर्वी इंग्रजांकडे काकाला वेगळा शब्द होता आणि आईच्या भावाला वेगळा, ईम. पुढे फ्रेंचमधून 'अंकल' आला आणि दोघांनाही त्याच एका शब्दात बसवलं. माझ्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून यांचं नातं 'अंकल' लिहिलेलं असायचं. मला ते कधी पटलं नाही." केतकीने मागे हात केला. "हे माझे मामा."

सगळे वळले. सुदामराव गडबडून उठले आणि त्यांनी हात जोडले.

"बसा मामा," बाई म्हणाल्या. "तुमची भाची डॉक्टर झाली."

कँटीनमध्ये चहा आला तरी सुदामरावांचं डोळे पुसणं चालूच होतं. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "पण तो शब्द मेला कशानं गं?"

"लोकांनी तशी हाक मारायचं सोडलं, मामा."

"मग आपल्याकडे काळजी नाही," ते म्हणाले आणि चहा ओतून बशी तिच्यापुढे सरकवली.