आवाज खाणारा बिबट्या

“आवाज बिबट्या खातो,” दशरथ भालेराव म्हणाले. “झालान्याचं जंगल आपल्या खिडकीपासून असं कितीसं लांब आहे? खर्जातला आवाज हवेत सुटला की तो कान टवकारतो. खालचं सगळं ओढून घेतो. वरवरचं पाणचट तेवढं आपल्याला ठेवतो.”

 त्यांची मुलगी सुवर्णा रिकाम्या खोक्यात थर्माकोल नीट बसवत होती. परत करायचा आज शेवटचा दिवस होता. राजा पार्कातलं दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून ती ऑफिसातून लवकर निघाली होती.

परत जायचा होता तो शोकेसवरचा काळा, चपटा रिसीव्हर. फार महागाचा नव्हता, सेलमध्ये मिळाला होता. घरातल्या वाय-फायला जोडला की फोनवरून कुठल्याही गावचा रेडिओ वाजवायचा. सुरुवातीला त्यानं स्वतःसाठी नाव विचारलं, तेव्हा दशरथांनी चष्मा लावून एका बोटानं टाइप केलं: भुसावळ. स्पीकर मात्र घरचेच, लाकडी, पंचवीस वर्षांचे. तीन बदल्यांमध्ये ते आपण मांडीवर घेऊन आणले, असं दशरथ सांगत. एकेका स्पीकरचं वजन बघता मांडी शाबूत कशी राहिली, हे कुणी विचारत नसे.

रिसीव्हर आणला होता आईसाठी. सुलोचनाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मालवीय नगरातले हे दोन जिने त्यांना उतरवत नव्हते. या परप्रांतात दिवसभरात मराठी कानावर पडायची ती फक्त नवऱ्याची. “आणि त्यातली निम्मी खोटी,” असं त्या म्हणत.

नऊ दिवस रोज संध्याकाळी त्या खुर्ची ओढून जळगाव केंद्र लावून बसल्या. नऊही दिवस दहा मिनिटांत बंद केलं.

“बाई बोलते, पण कुठून बोलते ते कळत नाही,” त्या काल म्हणाल्या होत्या. “विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी. माझं डोकं भणभणतं. देऊन टाक परत, सुवर्णा. राहू दे.” 

पहिल्याच दिवशी सुवर्णानं विचारलं होतं, “पप्पा, तारा ठीक जोडल्यात ना? मतलब, लालला लाल?”

त्यावर दशरथांनी संध्याकाळचा चहा घेतला नव्हता. “चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली. माझ्या तारांवर राजधान्या धावल्या. एकदा कोट्याजवळ अजगरानं सिग्नलचा दिवा गिळला, तर त्याच्या पोटातला लाल उजेड बघून मालगाडी थांबली. अशी जोडणी. आणि तू मला लाल-काळं शिकवतेस?”

पुन्हा कुणी तारांचं नाव काढलं नाही. मग आधी दोष भिंतीला गेला, मग दोन जिने चढून दमलेल्या वाय-फायला, आणि आज बिबट्याला.

“पप्पा, मागच्या तारा काढून ठेवा,” सुवर्णा म्हणाली. “मी खालून चिकटपट्टी घेऊन येते.”

ती जिना उतरली. दशरथांनी स्क्रू सोडवायला पेचकस घेतला आणि गुडघ्यांवर हात टेकत स्पीकरच्या मागे बसले. तारेच्या एका कडेला बारीक पांढरी रेघ होती. डावीकडच्या स्पीकरला ती रेघ लाल स्क्रूखाली गेली होती. उजवीकडच्याला काळ्या. एक स्पीकर हवा पुढे ढकली तेव्हा दुसरा मागे ओढी, आणि खालचा आवाज मधल्यामध्ये जिरून जाई.

त्यांनी तीनदा पाहिलं.

असल्या चुकीसाठी त्यांनी बांदीकुईला एका नव्या माणसाला दिवसभर उन्हात उभं केलं होतं.

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. आता तारा काढायच्या, गुंडाळायच्या, डबा खोक्यात. खोकं राजा पार्कला. चौतीस वर्षांना डाग नाही.

दशरथांनी तारेवरची रेघ अंगठ्यानं पुसून पाहिली. मग त्यांनी उजव्या स्पीकरचे दोन्ही स्क्रू सैल केले, तारांची अदलाबदल केली आणि पुन्हा आवळले. भांड्यांचा आवाज मध्येच थांबला होता, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी फोनवर भुसावळ निवडलं आणि जळगाव केंद्र लावलं.

केळीच्या पानांवर ठिपके पडले तर रावेरच्या शेतकऱ्यांनी काय करावं, ते एक बाई सांगत होती. ती डावीकडून बोलत नव्हती, उजवीकडूनही नाही. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये स्टुलावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, तिथे बसून बोलत होती. भरल्या छातीनं, मधून मधून श्वास घेत.

सुलोचनाबाई ओल्या हातांनीच बाहेर आल्या. त्यांनी स्टुलावरचे कपडे उचलले, पलंगावर ठेवले, आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

चिकटपट्टी घेऊन आलेली सुवर्णा दारातच थांबली. “हे ठीक कसं झालं?”

दशरथांनी चष्मा काढला. सदऱ्याला पुसला.

“तार उलटी जोडली होती,” ते म्हणाले. “मीच.”

इतक्या कमी शब्दांत संपलेली त्यांची गोष्ट त्या घरात कुणी कधी ऐकली नव्हती. खरं मानावं की नाही, म्हणून सुवर्णानं आईकडे पाहिलं.

“ऐकू नकोस त्यांचं,” सुलोचनाबाई स्टुलावरची नजर न काढता म्हणाल्या. “बिबट्याच होता. आत्ता जाताना पाहिला मी. हातात पेचकस होता त्याच्या.”