दुसरा ब्रेक

"क्लच हळू सोड. पळून जात नाही तो," मास्तर म्हणाले.

सुनेने क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि फाटकाबाहेर पडली. स्टिअरिंग धरून धरून तिची बोटं पांढरी पडली होती.

मास्तर म्हणजे तिचे सासरे. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती, हिलाही त्यांनीच शिकवली, म्हणून मास्तर. मुलगा अपघातात गेला आणि त्यांनी आपलं ड्रायव्हिंग स्कूल मित्राच्या हवाली केलं. हात थरथरतात म्हणाले, स्टिअरिंग धरवत नाही. मग एक दिवस स्वतःहूनच म्हणाले, "मला समुपदेशनाला जायचंय. माणूस गेलेल्यांचं ऐकून घेणाऱ्या एक बाई आहेत." बाई राहायच्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बसमध्ये मास्तरांना मळमळायचं, रिक्षात कंबर धरायची. राहता राहिली सून.

अपघात झाल्यापासून तिनेही गाडीला हात लावला नव्हता. पण सासऱ्यांना नाही कसं म्हणणार? त्यातल्या त्यात बरं एवढंच, की गाडी शिकवणीची होती. शेजारच्या सीटसमोर मास्तरांचा स्वतःचा ब्रेक होता.

"माझा पाय आहे इथे," मास्तर म्हणाले. "तू फक्त समोर बघ."

तेवढ्या भरवशावर ती निघाली.

बाईंच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि खिडकीत एक मरतुकडी कुंडी. जन्मभर शिष्यांवर ओरडून घसा बसवलेले मास्तर तिथे मात्र मूग गिळून बसले.

"झोप कशी आहे?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी सुनेकडे हात केला. "तिला विचारा. माझं सगळं तिलाच ठाऊक."

"पहाटेपर्यंत कूस बदलत असतात," सून म्हणाली. "पलंग करकरतो, मला ऐकू येतो."

"म्हणजे तुम्हीही जाग्याच असता?"

"माझं सोडा हो. यांचं बघा. सकाळी फिरायला म्हणून जातात आणि बूट बघावेत तर कोरे करकरीत. कुठेतरी बाकावर बसून राहत असणार."

मास्तरांनी बूट हळूच खुर्चीखाली ओढले.

असं दर आठवड्याला चालायचं. बाई विचारायच्या मास्तरांना आणि उत्तरं द्यायची सून. जेवत नाहीत, हसत नाहीत, फोटोकडे बघत नाहीत. एकदा तर बोलता बोलता ती म्हणून गेली, "त्याचे शर्ट अजून कपाटातच आहेत." ते कपाट तिच्या खोलीत होतं. बाईंनी नुसती मान हलवली.

मग एक दिवस बाईंनी विचारलं, "मास्तर, त्या दिवसाबद्दल काही सांगाल?"

मास्तर बोलेनात. बाईही घाई करेनात. ती शांतता सुनेलाच सोसेना.

"गाडी मी चालवत होते," ती म्हणाली.

घरात हे सगळ्यांना माहीत होतं. तोंडातून मात्र कुणी काढत नव्हतं.

"ट्रक आडवा आला. मी ब्रेक दाबला की नाही, मला आठवत नाही. सगळं आठवतं, माझा पायच तेवढा आठवत नाही. दाबलाच नसेल मी. घाबरून गोठले असेन." तिचा आवाज फुटला आणि इतके महिने आवरलेलं रडू एकदम बाहेर आलं.

मास्तरही रडले, अगदी लहान मुलासारखे. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला मी शिकवलंय, पोरी. तुझा पाय मला माहीत आहे."

तिचा विश्वास बसला नाही. सासरे आहेत, बरं वाटावं म्हणून बोलणारच.

परतीच्या वाटेवर गल्लीतून एक स्कूटर सुसाट आडवी आली. गाडी करकचून थांबली. मध्ये वीतभर जागा उरली होती. स्कूटरवाला उलट यांनाच शिव्या घालून निघून गेला.

"बाबा, तुम्ही दाबलात म्हणून," तिला धाप लागली होती. "नाहीतर आज पुन्हा..."

मास्तर काच पुसत म्हणाले, "चल. मागचे हॉर्न वाजवतायत."

हळूहळू ती जेवू लागली. शर्टांतले दोन ठेवून बाकीचे तिने देऊन टाकले. आडव्या घुसणाऱ्या एका रिक्षावाल्याला तिने खिडकीतून असं सुनावलं, की मास्तर पोट धरून हसले. शेवटी बाई म्हणाल्या, "आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल."

"बघा बाबा," सून खुशीत म्हणाली, "सुधारलात तुम्ही!"

"तुझ्यामुळे," मास्तर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला द्यायची होती. मास्तर पेपरमधून मान वर काढेनात. ती किल्ली घेऊन थोडा वेळ दारात उभी राहिली आणि मग एकटीच निघाली. शेजारची सीट रिकामी होती. तिने समोर बघितलं.

गॅरेजमध्ये ती मेकॅनिकला म्हणाली, "ऑइल बदला. आणि तो शेजारचा ब्रेक काढून टाका. आता लागत नाही मला."

"मास्तरांना विचारलंत का? आज सकाळीच शिकाऊ पोरांना घेऊन गेले इथून."

"आमचे मास्तर? अहो, त्यांचे हात थरथरतात."

"मास्तरांचे?" मेकॅनिक हसायला लागला. "कालच त्या बोळात अख्खी व्हॅन रिव्हर्स घातली त्यांनी, एका हाताने. रोज सकाळची बॅच तेच घेतात, वहिनी."

त्याने दार उघडलं आणि वाकून शेजारच्या सीटसमोरचं पेडल हाताने दाबलं. ते खुळखुळत सैल खाली गेलं.

"आणि यात काढायचं काय? तुम्ही मास्तरांना घेऊन पहिल्यांदा गाडी काढलीत ना, त्याच्या आदल्या दिवशीच त्यांनी याची तार माझ्याकडून सोडवून घेतली होती."