मळक्या मोज्यांखाली

मळक्या मोज्यांच्या ढिगाखाली मायरॉन पनास्युक श्वास रोखून बसला होता. एकशे तीस किलोचा गडी धुण्याच्या ढकलगाडीत मावला कसा, देव जाणे. बाहेर लॉर्नच्या काठीची टकटक जवळ येत होती.

कॅनडातल्या सास्काटूनमध्ये संघाच्या सराव शिबिरात शेवटच्या दिवशी या काठीला भलेभले टरकायचे. म्हातारा लॉर्न खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, साहेबांनी बोलावलंय. झालं, त्या खेळाडूचा फुटबॉल संपला. मग लॉर्नच त्याला कॉफी पाजायचा आणि त्याच्याबरोबर रडायचाही.

मायरॉन बारा हंगाम याच संघाच्या पुढच्या फळीत उभा होता. समोरच्याला अडवायचं, आपटायचं, आपटून घ्यायचं. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळणारे वेगळे; चेंडूला हात लावायची त्याला मुभाच नव्हती. आता गुडघे कुरकुरत होते आणि मॅनिटोबाचा एक तरणाबांड रेडा त्याच्या जागेवर डोळा ठेवून होता. निरोप मिळालाच नाही तर काढतील कसे, असा मायरॉनचा स्वतःपुरता कायदा. तुझ्या डोक्याला हेल्मेट लागतंच कशाला, असं बायको उगाच म्हणत नसे. पण फुटबॉल गेला तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. म्हणून तो उजाडायच्या आत इथे शिरला होता.

काठी थांबली. मोजे बाजूला झाले.

"बाहेर ये रे. नाक धरून शोधतोय तुला."

"नाही येणार, म्हाताऱ्या. सांग साहेबांना, सापडला नाही."

"साहेबांनी नाही बोलावलं." लॉर्न गाडीच्या कडेला टेकला. "मला काढलंय. कालच."

मायरॉनला वाईट वाटलं, पण ते नंतर. आधी इतका आनंद झाला की मोज्यांसकट उठून त्याने म्हाताऱ्याला मिठी मारली. वाचलो. रेडा गेला खड्ड्यात. मग जरा लाज वाटून त्याने विचारलं, "यंदा निरोप कोण देणार मग?"

"माणूस लागतोय कशाला? पहाटेच ज्याच्या त्याच्या फोनवर गेलेत. तुझा खोलीत वाजत पडलाय." लॉर्नने त्याच्या कानावरचा मोजा काढला. "आता तूही घरी रेजायनालाच जाणार. म्हटलं, दोघं एकाच गाडीने जाऊ."