झटक्यांची वही

"वही आणली हाय ना?" रूपेशने तिसऱ्यांदा विचारलं.

"हाय रे दादा," म्हणत भाग्येशने पिशवीतून शंभर पानी वही काढून दाखवली आणि परत आत ठेवली.

बोईसरच्या त्या मेंदूविकारांच्या दवाखान्यात नंबर यायला अजून चार पेशंट होते. रूपेशने भिंतीला डोकं टेकवलं. गोळ्या सुरू झाल्यापासून बसल्या जागी डोळे मिटायचे. तारापूरच्या कंपनीत सात वर्षं फोर्कलिफ्ट चालवलेला, बोटभर अंतर राखून दोन टनांचा माल रॅकमधून काढणारा हा माणूस आता जिना उतरताना कठडा धरत होता.

दोष द्यायचा तरी कुणाला? दारू नाही, तंबाखू नाही. कंपनीत कायम ऑपरेटरची एकच जागा निघाली, यादीत पहिलं नाव रूपेशचं लागलं आणि त्याच महिन्यात अंगाने दगा दिला. परक्याने दगा दिला तर माणूस चार शिव्या तरी हासडतो. स्वतःच्या देहाला काय बोलणार? रूपेशला त्याची फार चीड यायची, आणि चीड काढायला जागा नव्हती.

त्याला स्वतःला तर काही कळायचंही नाही. आकडी यायची ती झोपेत. सकाळी भाग्येशचं उतरलेलं तोंड बघितलं की समजायचं, रात्री पुन्हा झालं. भाग्येश त्याचा मावसभाऊ. वैतरण्याहून आणून रूपेशनेच त्याला कंपनीत हेल्पर म्हणून चिकटवला, खोलीत ठेवून घेतला, जेवणाच्या सुट्टीत फोर्कलिफ्ट शिकवली. पोराने त्याचे पांग फेडले. आकडी आली की कुशीवर वळवणं, तोंड पुसणं, सगळं तोच करायचा. पहिल्या वेळी त्याने चप्पल हुंगवली होती, त्यावरून डॉक्टर मॅडमनी त्याला चांगलंच झापलं होतं.

एरवी भाग्येशची झोप म्हणजे पडलेला ओंडका. शिमग्याला दाराशी ढोल वाजला तरी हा कूस बदलून घोरत होता. रूपेशने एकदा चिडवलंही होतं, "ढोलानं उठत नाय, नि माझ्यासाठी बरा उठतोस?"

"तुझ्यासाठी जाग येते, दादा," भाग्येश म्हणाला होता. तेव्हा रूपेशच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

हल्ली मात्र भाग्येश काही सांगत नसे. वहीत लिहायचं आणि गप्प बसायचं. "उगाच तुला ताप कशाला?" म्हणायचा. रूपेशनेही वही उघडली नव्हती. मॅडमनी मागच्या वेळी सांगितलं होतं, गोळ्यांवर तीन महिने कोरे गेले तर कंपनीला पत्र देण्याचा विचार करता येईल. तो तीन महिन्यांचा हिशेब आज व्हायचा होता.

पत्र मिळालं नाही तर? त्याचीही तयारी होती. रूपेशच्या वरच्या खिशात एक अर्ज घडी घालून ठेवला होता: मला जमणार नाही, माझ्या जागी भावाला घ्यावं. जागा निदान घरात राहील. भाग्येशने आधी नको नको म्हटलं होतं, मग कोरा कागदही तोच घेऊन आला होता.

फोन थरथरला. बन्सी होता, पॅकिंगमध्ये ड्रम मोजणारा सोबती. रूपेश बाहेर गॅलरीत गेला.

"संध्याकाळी बारशाला ये. पोरगी आज बारा दिवसांची झाली," बन्सी म्हणाला. मग आवाज उतरवून, "त्या रातचं कुणाला बोलला नाय ना? कळलं तर दोघं पण घरी बसू."

"भाग्याला पण नाय बोललो."

"तू होतास म्हणून मी पालघरला बायडीजवळ थांबलो. इसरणार नाय."

"बरं बरं. येतो," म्हणून रूपेश आत आला, तोवर त्याचं नाव पुकारलं होतं.

मॅडमनी दोन्ही रिपोर्ट पुन्हा समोर मांडले. डोक्याला वायरी चिकटवून काढलेला आलेख स्वच्छ. पालघरला केलेला एमआरआय स्वच्छ.

"मग मॅडम, नसेलच काय तर?" रूपेशने धीर करून विचारलं.

"यंत्राने तुला अर्धा तास बघितलं. हा तुझ्या शेजारी रोज झोपतो. आकडीच्या बाबतीत बघणाऱ्याच्या शब्दावरच आम्हाला चालावं लागतं." त्या भाग्येशकडे वळल्या. "मोबाइलवर काही काढलंयस का? मागेही सांगितलं होतं."

"तेवा फोन कुठं सुचतो, मॅडम? आधी दादाला धरायचा."

मॅडमनी मान हलवली आणि वही ओढली. रूपेशने भाग्येशच्या खांद्यावर हात ठेवला. पानं उलटत होती. एक महिना कोरा. दुसरा कोरा. तीन महिन्यांचं शेवटचं पान आलं आणि मॅडमचं बोट थांबलं.

"ही एक आहे," त्या म्हणाल्या.

भाग्येशने मान खाली घातली. "बारा दिवसांपूर्वी, मॅडम. पहाटे अडीचला. आजवरची सगळ्यात मोठी. पाच मिनिटं मी दादाचं डोकं मांडीवर धरून बसलेलो."

"पक्की खात्री आहे?"

"डोळ्यांनी बघितलं, मॅडम."

मॅडमनी सुस्कारा सोडला आणि पेनाचं टोपण काढलं. "मग मला पत्र देता येणार नाही, रूपेश. गाडीवर बसायचं नाही."

भाग्येशने डोळे पुसले आणि रूपेशच्या वरच्या खिशाकडे बघितलं. "दादा, अर्ज दे. जाताना मीच ऑफिसात देतो."

रूपेशचा हात अजून त्याच्या खांद्यावरच होता. त्या रात्री भाग्येशला घोरत सोडून तो साडेदहालाच खोलीतून निघाला होता, आणि पहाटे अडीच वाजता बन्सीचं कार्ड गळ्यात अडकवून कंपनीत ड्रम मोजत उभा होता.