कशापेक्षा?

“सेफर. बास! एकच शब्द, पण खोक्यावर कसा उठून दिसतो बघा,” कारखान्याचे मालक खुशीत म्हणाले.

खोकं होतं लहान मुलांना गाडीत बसवायच्या नव्या सीटचं. इंग्रजी मजकूर तपासायला आलेल्या बाईंनी चष्मा सावरला आणि त्या शब्दापुढे पेन्सिलीने रेघ ओढली.

“वाक्य अर्धवट आहे. कशापेक्षा सेफर?”

“अहो, जाहिरातीत चालतं तेवढं. सगळेच लिहितात.”

“सगळ्यांचं मला सांगू नका. तुलना म्हटली की दुसरी बाजू आली. ‘दॅन’ लिहायचं आणि पुढे नाव घ्यायचं.”

उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला आवाज तो. मालकांनी हात जोडले. “बरं, घाला. दॅन ऑल अदर्स.”

“सगळ्यांच्या सीट तपासल्यात?”

“छे!”

“मग ताडून पाहिलीत ती कशाशी?”

मालक खोक्याची कड नखाने खरवडू लागले. बाईंना ही चाळवाचाळव वर्गातली, ओळखीची होती. उत्तर येत असतं, पण तोंडातून निघत नाही. त्यांनी मालकांशेजारी उभ्या असलेल्या इंजिनिअरकडे पाहिलं.

“आपल्याच जुन्या सीटशी,” तो खालमानेनं म्हणाला. “जोराचा धक्का बसला की जुनीच्या पट्ट्याचं बकल सुटतं. म्हणजे, कधी कधी.”

“हे मला आत्ता सांगतोस?” मालक उसळले.

“सांगितलं होतं साहेब. तुम्ही म्हणालात, नवी येतेच आहे की.”

बाईंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘दॅन अवर ओल्ड सीट’, आणि खोकं मालकांकडे वळवलं.

“आता वाक्य पुरं झालं. छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. अर्धं मात्र मी पास करणार नाही.”

मालकांनी ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. चेहरा उतरत गेला. मग घाईघाईने त्यांनी फोन कानाला लावला.

“सूनबाई, गाडीत आहेस का? पिल्लू मागे आपल्या सीटवर बसलंय? बाजूला घे. आधी थांब, मग सांगतो.”

पलीकडचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू येईपर्यंत त्यांनी फोन कानापासून हलवला नाही. मग इंजिनिअरकडे वळून म्हणाले, “विकलेल्या सगळ्या जुन्या सीट परत मागवायच्या. आजच्या आज.”

बाईंनी तोवर खोकं फिरवून दुसरी बाजू वाचायला घेतली होती.