धारेची बाजू

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात अविआकच्या हातून सीलचं दुसरं कातडं वाकडं कापलं गेलं. आता घरात एकच उरलं होतं, आणि नवऱ्याच्या शिकारीच्या बुटांचे तळ फाटले होते. एकाच बाजूनं धार लावलेली सासूची दगडी सुरी तिच्या हातात दर वेळी रेघ सोडून बाहेर ओढ घ्यायची.

"आईनं तुला नुसते मासेच कापायला शिकवलेले दिसतात," सासू म्हणाली आणि तिनं सुरी काढून घेतली.

पुढचे तीन दिवस सासू पाटीच्या दगडाचं नवं पातं घासत बसली. अविआकशी ती एक शब्द बोलली नाही. नवी सुरी नणंदेसाठी असणार आणि आपली पाठवणी माहेरी होणार, असं समजून अविआकनं आपलं अंथरूण गुंडाळून ठेवलं.

चौथ्या दिवशी सासूनं ती सुरी तिच्याच पुढ्यात ठेवली. अविआकनं पात्यावरून अंगठा फिरवला आणि दबकत म्हणाली, "आई, धार उलट्या बाजूनं लागलीय."

"माझ्या हाताला उलटी," सासू म्हणाली. "डावखुरी आहेस, हे आल्या दिवशीच सांगितलं असतंस, तर दोन कातडी वाचली असती."