टेम्पो येईस्तोवर

टेम्पोचा क्लच मंचरपाशी गेला आणि पाखरी घोडीला न्यायला आलेल्या पाहुण्यांपुढे अख्खी दुपार रिकामी पडली.

"इथं जवळपास बघण्यासारखं काय आहे, मावशी?" हर्षालीने विचारलं. ती आणि तिचा नवरा भरत पुण्याजवळ मुलांना घोड्यावर बसायला शिकवत. घोडी पसंत पडली होती, बोलणं उरकलं होतं, जेवणंही झाली होती. टेम्पो काही चारच्या आत निमगाव सावाला पोचत नव्हता.

बयाबाईने खरकटी ताटं एकावर एक ठेवली. दाराबाहेर, हर्षालीच्या पाठीमागे, सावळेराम उभा होता. पाखरीचं दावं त्याने सोडून हातात घेतलं होतं. तो नुसता बायकोकडे बघत राहिला.

त्याच्या मांडीत दोन वर्षांपासून सळई होती. पुन्हा घोडीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगा भोसरीला कंपनीत. पाखरीला पळवणारं घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून तर पाहुणे आले होते. सकाळी तो म्हणाला होता, "एकदा शर्यतीच्या घाटात नेऊन आणतो. एकदाच." तिने नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा नाही म्हटलं. आता तिसऱ्यांदा नाही म्हणायचं तिच्या अंगात त्राण नव्हतं.

"खोडदला जावा," ती पाहुण्यांना म्हणाली. "मोठाल्या डिशा हाईत तिथं. आभाळातलं ऐकत्यात म्हनं. आत सोडतील का न्हाई ठावं न्हाई, पर रस्त्यावरनं बी दिसत्यात."

"वेळ किती लागेल?" भरतने घड्याळ बघितलं.

"लागंल अर्धा तास. तिथनं मग बोरीला जावा. कुकडीच्या काठाला जवालामुखीची राख हाय, लई जुनी. लांबलांबनं माणसं येत्यात."

"राख बघायला?"

"राखच. अन् तरी येळ उरला तर नारायणगावात च्या घ्या. घाई करू नगा."

"तुम्ही पाहिलंय हे सगळं?" हर्षालीने हसून विचारलं.

"मला कुठला येळ, बाई."

पाहुण्यांची गाडी निघून गेली. सावळेराम घोडीला घेऊन मागच्या वाटेने टेकडीकडे गेला, ते तिने पाहिलं नाही. ती ताटं घेऊन मोरीत बसली.

टेकडीपलीकडच्या त्या घाटात दरवर्षी जत्रेला बैलगाडे पळत. बैलांच्या पुढे घोडी पळे, आणि घोडीवर सावळेराम. तीस वर्षांत बयाबाई एकदाही बघायला गेली नाही. घरी भाकरी थापत ती लाउडस्पीकर ऐके. पुकारणारा ओरडतोय तोवर सगळं ठीक. तो जरा थांबला की तिचे हात थांबत. सावळेराम पडला त्या दिवशी स्पीकर इतका वेळ गप्प राहिला, की तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती.

आज स्पीकर नव्हता. ऐकायला काहीच नव्हतं. तिने ताटं घासली. मग फळीवरची घासलेली ताटं खाली काढली आणि तीही घासली.

दीड तासाने तो आला. घोडीच्या पुढे चालत, पाय ओढत.

"पडलासा?"

"न्हाई."

तिने त्याला तांब्याभर पाणी दिलं. पाखरी घामाने निथळत होती. पाहुण्यांना दिसू नये म्हणून बयाबाईने गोणपाट घेतलं आणि तिला मानेपासून खुरापर्यंत पुसून काढलं. हात भरून आले तरी ती पुसत राहिली.

टेम्पो साडेचारला आला. पाखरी कसलीच खळखळ न करता फळीवरून आत चढली. सावळेरामने दावं भरतच्या हातात दिलं.

"हिच्यावर उजवीकडनं बसा, पावणं, समद्यांवानी डावीकडनं न्हाई. माजी सवय वाईट, तीच हिला लागली."

एवढं बोलून तो घरामागे निघून गेला.

भरत टेम्पोवाल्याशी बोलत होता. हर्षाली बयाबाईजवळ आली. "मावशी, आम्ही खोडदला पोचलोच नाही. रस्ता चुकलो आणि घाटापाशी निघालो. काकांना पाहिलं आम्ही."

बयाबाईचा चेहरा उतरला. "घोडीला काय बी झालं न्हाई, बाई. मी सोता पुसलीया—"

"तसं नाही हो." हर्षाली म्हणाली. "पंधरा वर्षं मी घोड्यांतच आहे. इतकं सुरेख बसलेलं माणूस मी पाहिलं नाही. त्यांना कळू नये म्हणून आम्ही गाडीतून उतरलोसुद्धा नाही. खोडद, बोरी सांगितलंत, मग हेच कसं नाही सांगितलंत?"

"सावकाश जावा," बयाबाई म्हणाली.

टेम्पोची धूळ बसली. ती घरामागे गेली. सावळेराम मोकळ्या खुंट्यापाशी उकिडवा बसला होता. मांडी दाबत होता.

"उठा," ती म्हणाली. "घाटात जाऊ."

"आत्ता?"

"तुमी कुठनं सुटायचा, कुठवर पळायचा, मला दावा."

"पाय लई ठणकतोय गं."

"मग सावकाश जाऊ."

त्याने मांडीवरचा हात काढला. "जत्रा न्हाई, घोडी न्हाई. मोकळा घाट बघून काय करणार तू?"

बयाबाईने त्याला आधाराला हात दिला.

"तुमास्नी पळताना मला बघवलं नसतं," ती म्हणाली.